खासगी विद्यापीठातील शिक्षण : फी, कर्ज आणि पहिला पगार यांचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की बिरसा, बैहर, मलांजखंड भागातील आपल्या घरांत एकच चर्चा सुरू होते : मुलाला किंवा मुलीला पुढे कुठे घालायचे? पूर्वी बालाघाटचे शासकीय महाविद्यालय, जबलपूर नाहीतर नागपूर, एवढेच पर्याय असत. आता खासगी विद्यापीठेही आहेत. आपल्याच जिल्ह्यात बालाघाटला सरदार पटेल विद्यापीठ आहे. हा लेख कोणत्याही संस्थेच्या बाजूने किंवा विरोधात नाही. बँकेत कर्जखात्यांचे काम करताना जे कळले, ते सभासदांच्या उपयोगी पडावे म्हणून आम्ही येथे मांडत आहोत.

१. आधी मान्यता पाहा

विद्यापीठाचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे का, हे पहिल्यांदा पाहावे. मध्य प्रदेशातील खासगी विद्यापीठे 2007 च्या कायद्याखाली चालतात आणि त्यांच्यावर भोपाळचा विनियामक आयोग देखरेख ठेवतो. पण विद्यापीठाला मान्यता असली म्हणजे प्रत्येक अभ्यासक्रमाला असतेच असे नाही. फार्मसीसाठी फार्मसी कौन्सिल, कायद्यासाठी बार कौन्सिल, बी.एड.साठी एनसीटीई यांची मान्यता वेगळी लागते. ती नसेल तर पदवी हातात असूनही नोंदणी किंवा नोकरी अडते.

२. पूर्ण खर्च लिहून काढा

माहितीपत्रकात बहुधा फक्त शिकवणी फी ठळक असते. परीक्षा फी, प्रवेश फी, अनामत, वसतिगृह, मेस, गणवेश, पुस्तके आणि जाण्यायेण्याचे भाडे मिळवून सर्व वर्षांचा आकडा काढावा. दरवर्षी फी वाढणार का, हे लेखी विचारावे.

प्रवेश रद्द करावा लागला तर फी परत मिळते. आयोगाच्या 2018 च्या नियमानुसार प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या 15 दिवस किंवा त्याहून आधी कळवल्यास पूर्ण, त्यानंतर पण तारखेच्या आत 90 टक्के, तारीख उलटल्यावर 15 दिवसांत 80 टक्के आणि 30 दिवसांपर्यंत 50 टक्के. त्यापुढे काही नाही. पूर्ण परताव्यातून थोडी प्रक्रिया फी कापली जाऊ शकते. मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवण्याचा मात्र संस्थेला अधिकार नाही.

३. मदत कुठून मिळते

आपण मराठी बोलतो, पण रहिवासी मध्य प्रदेशचे आहोत. त्यामुळे मूल नागपूर-गोंदियाला शिकायला गेले तरी महाराष्ट्राच्या शिष्यवृत्त्या साधारणतः लागू होत नाहीत. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज आपल्याच राज्याकडे करायचा असतो. तिला उत्पन्नाची मर्यादा आहे.

मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत राज्य मंडळाच्या बारावीत 70 टक्के किंवा सीबीएसईत 85 टक्के लागतात. उत्पन्नाचीही अट आहे. खासगी इंजिनिअरिंगसाठी जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आतील क्रमांक हवा. मग दीड लाख रुपये किंवा प्रत्यक्ष फी, यांपैकी कमी रक्कम शासन भरते. गावातील शाळेतून प्रथम श्रेणीत बारावी झालेल्या मुलींसाठी ‘गाव की बेटी’ योजना आहे : महिना 500 रुपये, वर्षातून दहा महिने. समग्र आयडी, मूल निवासी, आय आणि जात प्रमाणपत्रे निकालाआधीच लोकसेवा केंद्रातून काढून ठेवावीत.

४. शैक्षणिक कर्ज

हमी योजनेमुळे साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला शेत किंवा घर गहाण ठेवावे लागत नाही. मात्र आई किंवा वडील सहकर्जदार असतात. हप्ता थकला तर दोघांचाही सिबिल खराब होतो. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याज सवलत आहे. पण ती निवडक, मानांकनातील संस्थांसाठी आहे. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर तांत्रिक व व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी सवलतीच्या मुदतीतले व्याज केंद्र सरकार भरते. त्यासाठी संस्थेला नॅक किंवा अभ्यासक्रमाला एनबीएची मान्यता लागते. म्हणून संस्थेचे नाव या याद्यांत आहे का, हे प्रवेशाआधी विचारावे.

एक उदाहरण घेऊ. चार वर्षांचा अभ्यासक्रम, दरवर्षी सुरुवातीला एक लाख कर्ज, व्याज 10 टक्के. शिक्षण आणि पुढचे एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळ व्याज चढत राहते. पाच वर्षांत ते 1 लाख 40 हजार होते आणि हप्ता 5 लाख 40 हजारांवर बसतो : दहा वर्षे, दरमहा सुमारे 7,140 रुपये. तेच व्याज घरून वेळच्या वेळी भरले तर हप्ता सुमारे 5,290 राहतो. दहा वर्षांत हप्त्यांचे 2 लाख 22 हजार वाचतात. अनेक बँका असे व्याज भरणाऱ्यांना एक टक्का सवलतही देतात.

५. पगाराचा आकडा वाचताना

जाहिरातीत सर्वांत मोठे पॅकेज असते. समजा दहा मुलांपैकी एकाला 12 लाख आणि नऊ जणांना 2 लाख 40 हजार मिळाले. सरासरी 3 लाख 36 हजार दिसते, पण नऊ जणांच्या हाती तेवढे पडत नाही. म्हणून मध्यक विचारावा, म्हणजे पगार चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा. येथे तो 2 लाख 40 हजार आहे. एनआयआरएफ मानांकनात भाग घेणाऱ्या संस्थांना हा आकडा, किती मुलांना नोकरी लागली यासह, जाहीर करावा लागतो. बाकीच्यांकडे तो लेखी मागावा.

शिवाय 3 लाखांचे पॅकेज म्हणजे महिना 25 हजार हातात नव्हे. भविष्य निर्वाह निधीचे दोन्ही भाग आणि ग्रॅच्युइटी वजा जाता साधारण 21 हजार येतात. त्यातून 7,140 चा हप्ता गेला की परगावी खोलीभाडे आणि जेवणाला 14 हजारही उरत नाहीत. हप्ता हातातील पगाराच्या चौथ्या हिश्श्याच्या वर जाऊ नये, असे आम्ही सुचवतो.

हा हिशेब मुलामुलींना शेजारी बसवून मांडावा. कर्ज त्यांच्या नावावर असते आणि हप्ता त्यांच्या तरुणपणातून जातो. हिशेब बसला तर खासगी विद्यापीठातही निर्धास्त प्रवेश घ्यावा. बसला नाही तर शासकीय महाविद्यालयातील पदवी कमीपणाची मानू नये, आणि मुलीचा हिशेब मुलापेक्षा वेगळ्या मापाने तर मुळीच करू नये.