वॉटांआधी मिलिमीटर

संगणकाच्या ज्या पत्र्याच्या पेटीला आपल्याकडे सरसकट ‘कॅबिनेट’ म्हणतात, तिच्यातील विद्युत्पुरवठ्याचे सारे खाते ज्याच्या स्वाधीन असते त्या एसएमपीएसविषयी बाळगले जाणारे गैरसमज मोठ्या पेटीत कदाचित खपून जातात; पेटी लहान असली म्हणजे मात्र ते पत्र्याला, तारांना आणि अखेरीस खिशालाही नडतात.

नवा एसएमपीएस घेण्यास निघालेला गृहस्थ दुकानात शिरताच वॉटांचा आकडा विचारतो. वास्तविक त्याने घरून निघतानाच मोजपट्टी लावून मिलिमीटरांची नोंद करून आणावयास हवी. इंटेलने १९९५ साली प्रसृत केलेल्या एटीएक्स पद्धतीत एसएमपीएसची रुंदी १५० आणि उंची ८६ मिलिमीटर असते. खोली मात्र १४० पासून १८० पर्यंत, आणि क्वचित त्याहूनही अधिक आढळते. एसएफएक्स हा धाकटा भाऊ १२५ रुंद, ६३.५ उंच आणि १०० मिलिमीटर खोल असून, पट्टी जोडून तो एटीएक्सच्या खिडकीत बसवता येतो. उलट व्यवहार अर्थातच संभवत नाही. शिवाय खोक्यावर छापलेल्या लांबीत सुट्या तारांचे प्लग आणि त्यांना वळण्यासाठी लागणारी जागा धरलेली नसते, आणि बहुतेकांची फसगत नेमकी तेथेच होते.

मोठ्या वॉटांचा एसएमपीएस विजेचे बिल फुगवतो, ही समजूतही निराधार आहे. खोक्यावरचे ६५० वॉट ही त्याची जास्तीत जास्त देण्याची ऐपत असते, नित्याचा खर्च नव्हे. संगणकाची मागणी २०० वॉटांची असेल, तर ८० टक्के कार्यक्षमतेचा एसएमपीएस भिंतीतून २५० वॉट घेईल आणि ९० टक्क्यांचा सुमारे २२२. मधली तूट उष्णता होऊन बाहेर पडते. कोंदट पेटीत ५० वॉटांची ऊब आणि २२ वॉटांची ऊब यांत पुष्कळच अंतर आहे.

आता सर्वांत महागात पडणारा गैरसमज: जी तार खाचेत बसली ती योग्यच. मॉड्युलर, म्हणजे तारा सुट्या करता येणाऱ्या, एसएमपीएसच्या तारांचे हार्डडिस्ककडील टोक प्रमाणित असते, परंतु एसएमपीएसकडील टोकात कोणत्या पिनेवर काय यावे हे ठरवण्याचा अखत्यार ज्या त्या कारखानदाराकडे राहिलेला आहे. तेव्हा जुन्या तारा बऱ्या बांधून ठेवल्या आहेत, त्या कशाला उपसा, अशा काटकसरी विचाराने नवे यंत्र जुन्या तारांना जोडले, की ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊन वर्षानुवर्षांचे छायाचित्रांचे दप्तर क्षणार्धात निकालात निघू शकते. जुना एसएमपीएस काढताना त्याच्या ताराही समूळ काढाव्यात.

कचेऱ्यांतून निघालेले, सेकंडहँड बाजारात मिळणारे आटोपशीर डेस्कटॉप हा आणखी वेगळा मामला. त्यांपैकी अनेकांच्या मदरबोर्डवर २४ पिनांची नेहमीची जोडणीच नसते. खरेदीपूर्वी झाकण उघडून पाहणे उत्तम.

पेटीला हात लावताच मुंग्या आल्या, की दोष एसएमपीएसच्या माथी मारून तो बदलण्याची रीत तर आपल्याकडे घरोघर आहे. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल या दोहोंपासून पत्र्याकडे एकेक लहानसा कपॅसिटर मुद्दाम जोडलेला असतो. घरात अर्थिंगच नसेल, तर पत्रा २३० च्या सुमारे निम्म्या व्होल्टवर अधांतरी राहतो; प्रवाह अत्यल्प असल्याने नुसती झिणझिण जाणवते. नवा एसएमपीएस बसवला तरी तीही नवी होऊन परतते. पण हीच अर्थिंगची उणीव असताना आतील एखाद्या तारेचे आवरण फाटले, तर तो प्रसंग झिणझिणीवर भागणारा नव्हे. इलाज वायरमनकडे आहे. थ्री-पिनची जाड पिन छाटून प्लग दोन भोकांत दडपणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. न्यूट्रललाच अर्थ म्हणून जोडणारे त्यांच्याहूनही धोकादायक.

संगणक बंद केला म्हणजे वीज थांबली, हेही खरे नव्हे. प्लग जागेवर असेतोवर मदरबोर्डला ५ व्होल्टचा राखीव पुरवठा चालूच राहतो. म्हणून काम आरंभण्यापूर्वी प्लगच उपसावा. प्लग उपसल्यावरही एसएमपीएसच्या पोटातील मोठा कपॅसिटर ३०० हून अधिक व्होल्ट काही काळ धरून ठेवू शकतो. कॅबिनेटच्या पाठीवरचे चार स्क्रू तेवढे आपण काढावेत. एसएमपीएसच्या स्वतःच्या झाकणाला, मग आत कितीही धूळ दिसो, हात लावू नये.