फितूर एका दिवसात होत नाही

‘द सोप्रानोज’ या अमेरिकी मालिकेत एड्रियाना नावाची तरुणी आहे. न्यू जर्सीतल्या माफिया टोळीतल्या ख्रिस्तोफरशी तिचं लग्न ठरलेलं. एफबीआयची एक बाई मैत्रीण बनून तिच्या आयुष्यात शिरते. पुढे अमली पदार्थांच्या गुन्ह्यात अडकवण्याची धमकी मिळते आणि एड्रियाना खबरी होते. शेवटी तिला ताण सोसवत नाही. ती ख्रिस्तोफरला सगळं सांगून टाकते आणि विनवते की, आपण दोघंही सरकारी साक्षीदार होऊ, इथून निघून जाऊ. तो आधी तिचा गळा धरतो, मग रडतो, मग बाहेर पडतो. पेट्रोल पंपावर त्याला जुनाट गाडीतलं एक ओढग्रस्तीचं कुटुंब दिसतं. त्याचा निर्णय तिथंच होतो आणि तो टोळीप्रमुख टोनीला गाठतो. थोड्या वेळानं एड्रियानाला फोन येतो की, ख्रिस्तोफरनं जीव द्यायचा प्रयत्न केलाय, तो इस्पितळात आहे, सिल्व्हिओ तुला न्यायला येतोय. टोळीतल्या सिल्व्हिओची गाडी इस्पितळाकडे न जाता रानाच्या वाटेला लागते.

२००४ साली दाखवलेला हा भाग पाहून गद्दार कोण, असा प्रश्न प्रेक्षकाला पडतो. टोळीच्या हिशेबात उत्तर सरळ आहे, एड्रियाना. पण तिनं टोळीशी इमान राखण्याची शपथ कधी घेतलीच नव्हती. ज्याच्यावर तिचा जीव होता, त्याला तर तिनं खरं ते सांगितलं. ज्यानं तिला मरणाच्या दारात लोटलं, तो मात्र टोळीत एकनिष्ठ ठरला. मला वाटतं, अशा मालिकांत फितुरी ही माणसाच्या स्वभावातली खोट म्हणून पाहिली की निम्मी गोष्ट हातची सुटते. निष्ठा कुणी मागितली, कशाच्या जोरावर मागितली आणि ती सोडायची झाल्यास काय किंमत होती, हे आधी पाहायला हवं. जिथं निष्ठा भीतीवर उभी असते, तिथं टोळीपेक्षा मोठी भीती दाखवणारा भेटला की माणूस फुटतो. टोनीचा जुना मित्र साल असाच फुटला. तुरुंग टाळण्यासाठी तो एफबीआयचा खबरी झाला आणि दुसऱ्या पर्वाच्या शेवटी मित्रांनीच त्याला बोटीवर नेऊन गोळ्या घातल्या.

हे सगळं न्यू जर्सीचं, आपल्याला काय त्याचं, असं खानदेशातल्या वाचकानं म्हणू नये. निष्ठा विकत घेण्याचं आणि मोडण्याचं तंत्र सातपुड्याच्या पायथ्याशी सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच वापरून झालं होतं. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेश कंपनीच्या हाती आला. डोंगरातल्या भिल्लांना बंदुकीनं नमवणं जमेना, तेव्हा १८२५ साली जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याकडे भिल्लांचीच पलटण उभारायचं काम आलं. धरणगाव हे या पलटणीचं ठाणं. काल ज्यांच्या पाठलागावर फौज धाडली जायची, त्यांनाच पगार आणि गणवेश मिळाला. औट्रम त्यांच्यात मिसळला, त्यांच्यासोबत शिकारीला गेला, त्यानं त्यांचा विश्वास कमावला. पलटण टिकली. १८५७ च्या धामधुमीतही ती कंपनीच्या बाजूनं राहिली.

त्याच वेळी सेंधव्याच्या घाटात, म्हणजे आजच्या मुंबई–आग्रा महामार्गावर शिरपूरच्या पुढे, भिल्लांचा खाज्या नाईक होता. घाटाची राखण करायची, वाटसरूंना आणि मालाला सुखरूप पार करायचं, हे त्याचं काम. कंपनीनं त्याला नोकरी दिली, तुरुंगात टाकलं, सोडलं आणि पुन्हा घाटावर नेमलं. १८५७ मध्ये तो उठला. ज्या घाटाचा रखवालदार, त्याच घाटात त्यानं सात लाखांचा खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी आंबापाणीला मोठी लढाई झाली. त्यानंतर पकडलेल्या अनेकांना जागच्या जागी न्यायनिवाडा उरकून गोळ्या घालण्यात आल्या. खाज्या निसटला, पण १८६० मध्ये त्याच्याच सोबतच्या एका मकराणी जमादारानं त्याला दग्यानं मारलं. आता या पटावर बेइमान कोण ते ठरवा. कंपनीच्या दप्तरात बेइमान खाज्या. सातपुड्यातल्या लोकांसाठी बेइमान तो जमादार. आणि धरणगावचे शिपाई? त्यांनी खाल्ल्या मिठाला जागायचं ठरवलं, पण ते मीठ त्यांच्याच भाऊबंदांच्या विरोधात खर्ची पडलं. मी त्यांना गद्दार म्हणणार नाही. ज्याच्या घरात पहिल्यांदाच नियमित पगार येऊ लागला, त्याच्यापुढे निवडीला वाव किती होता, हे पाहिल्याशिवाय तो शब्द वापरता येत नाही.

यावर हरकत येईल, आणि ती रास्त आहे. देशासाठी लढलेल्या खाज्या नाईकाला माफियाच्या पंगतीत बसवणं हा अपमान नाही का? मी तसं बसवत नाही. टोनीची टोळी दुकानदारांकडून खंडणी उकळते, खाज्याची लढाई आपल्या डोंगरावरच्या परक्या हुकमतीशी होती. हेतू वेगळा, म्हणून निवाडाही वेगळा. सारखेपणा आहे तो सत्तेच्या हातातल्या अवजारांत: माफी, बक्षीस, तुरुंगाची भीती. ही अवजारं समोर लुटारू आहे की बंडखोर, ते पाहत नाहीत.

उलट हा फरक ध्यानात घेतला की मुद्दा आणखी स्पष्ट होतो. निमाड आणि खानदेशात वावरलेला तंट्या भिल्ल १८७८ साली खांडव्याच्या तुरुंगातून पळाला आणि दहा वर्षांहून अधिक काळ पोलिसांच्या हाती लागला नाही. सावकारांकडून लुटलेलं तो गोरगरिबांना वाटायचा, म्हणून गावोगावची माणसं त्याला लपवत. ही निष्ठा कुणी दरडावून मिळवलेली नव्हती. शेवटी १८८९ मध्ये मानलेल्या बहिणीच्या नवऱ्यानं, गणपतनं, राखीच्या निमित्तानं त्याला घरी बोलावलं आणि पकडून दिलं. म्हणजे स्वखुशीची निष्ठाही मोडतेच की, असं कुणी म्हणेल. मोडते. पण एवढ्या वर्षांत एवढ्या गावांनी तोंड उघडलं नाही आणि फुटलं ते एक घर. टोनीच्या टोळीत मात्र एफबीआयला पुन्हा पुन्हा नवा खबरी सापडतो.

दुसरी हरकत अधिक अवघड आहे. परिस्थितीकडे बोट दाखवून आपण दगा देणाऱ्याला मोकळं सोडतो का? माझं उत्तर नाही असं आहे, कारण दडपण सगळ्यांवर सारखं नसतं. एड्रियानाच्या एका बाजूला तुरुंग आणि दुसऱ्या बाजूला मरण होतं. ख्रिस्तोफरपुढे वाट उघडी होती. नवं नाव, नवं गाव, साधं आयुष्य. ते साधं आयुष्यच त्याला नको होतं. आपला कायदाही हा फरक मानतो. माफीचा साक्षीदार सगळं खरं सांगेल या अटीवर सुटतो, पण त्याच्या शब्दाला दुसरा आधार आहे का, हे न्यायालयं आवर्जून तपासतात. महाराष्ट्रानं १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्ध मोक्का आणला. त्यात पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब पुरावा मानला जातो. अशा वेळी कबुली कुठल्या दडपणाखाली आली, हे पाहण्याची गरज आणखी वाढते.

एड्रियानाला टोळीच्या हवाली करून ख्रिस्तोफरनं आपली निष्ठा सिद्ध केली होती. २००७ च्या शेवटच्या भागांत टोनी आणि तो एका अपघातात सापडतात. ख्रिस्तोफर जबर जखमी होतो आणि आपण नशेत आहोत, अशी कबुली देत मदत मागतो. टोनी फोन काढतो, आकडे दाबू लागतो, थांबतो आणि मग ख्रिस्तोफरचं नाक दाबून धरतो.