जुन्या छोट्या मोटारीचा पेट्रोलखर्च कसा कमी कराल?

मारुती ८०० ही गाडी डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. तिच्याच ७९६ घन सेंटिमीटर, तीन सिलिंडरच्या इंजिनावर चालणारी ओम्नी २०१९ मध्ये बंद झाली. तरीही मालवण, देवगड, वेंगुर्ला भागातील बागायतदारांच्या अंगणात या गाड्या आजही उभ्या दिसतात. कलमांची रोपे, औषधाचे डबे, आंब्याच्या पेट्या, काजूची पोती आणि घरची माणसे अशी सर्व कामे त्या करतात.

बागेचा खर्च मांडताना आपण खत, औषध व मजुरी लिहितो. पेट्रोल मात्र घरखर्चात जाते. वर्षाला ६,००० किलोमीटर फिरणारी गाडी लिटरला १२ किलोमीटर देत असेल तर ५०० लिटर पेट्रोल लागते. तीच गाडी १५ किलोमीटर देऊ लागली तर ४०० लिटर पुरते. लिटरला १०० रुपये धरले तरी वर्षाला १०,००० रुपये वाचतात. ही बचत बहुतेक वेळा नवीन भाग बसवून होत नाही, तर झिजलेल्या, गंजलेल्या व तुंबलेल्या भागांकडे वेळीच लक्ष दिल्याने होते.

प्रथम मोजमाप

माती परीक्षणाशिवाय खताची मात्रा ठरवू नये, त्याप्रमाणे मोजमापाशिवाय गाडीवर खर्च करू नये. टाकी पंपाचे नोझल आपोआप बंद होईपर्यंत भरावी व किलोमीटरचा आकडा वहीत लिहावा. २०० ते ३०० किलोमीटर फिरल्यावर त्याच पंपावर टाकी पुन्हा तशीच भरावी. फिरलेले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी भरलेले लिटर, हे गाडीचे खरे ॲव्हरेज होय. गावातील फिरती व घाटातील प्रवास यांची नोंद वेगळी ठेवावी. दुरुस्ती एका वेळी एकच करावी व पुन्हा मोजावे, म्हणजे कशाचा उपयोग झाला हे कळते.

ब्रेक व टायर

किनाऱ्यावरील खारी हवा आणि पावसाळ्यातील दमटपणा यांमुळे ब्रेकचे भाग गंजून अडकतात. पायाखालचा ब्रेक सोडला तरी चाक पूर्ण मोकळे होत नाही आणि इंजिन सतत ब्रेकविरुद्ध ओढत राहते. पाच-सहा किलोमीटर चालवून, शक्यतो ब्रेक न लावता गाडी थांबवावी व हात चाकांजवळ न्यावा; धातूला स्पर्श करू नये. एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापले असेल तर ब्रेक अडकत आहे असे समजावे व तो उघडून साफ करून घ्यावा. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, तो गंजून चिकटतो. गाडी सपाट जागी गिअरमध्ये ठेवावी व चाकांच्या पुढेमागे दगड लावावेत.

टायरमधील हवा दर पंधरा दिवसांनी, सकाळी टायर थंड असताना तपासावी. दाब गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावा. भार जास्त असेल तर भारासाठी दिलेला दाब ठेवावा. हवा कमी असली की टायर जमिनीवर पसरतो, तापतो व पेट्रोल खातो. टायर एकाच कडेने झिजत असेल तर चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी.

हवा, ठिणगी व उष्णता

जांभ्याच्या कच्च्या रस्त्यांवरील तांबडी धूळ एअर फिल्टर लवकर तुंबवते. कार्बुरेटरच्या गाडीत हवा कमी मिळाली की मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंधन-इंजेक्शनच्या गाडीत संगणक हे प्रमाण सांभाळतो. तेथे ॲव्हरेज फारसे घटत नाही, पण गाडीची ओढ कमी होते. कागदी फिल्टर आतून बाहेर हवा मारून साफ करावा, धुऊ नये. तो फार मळला असल्यास बदलावा.

स्पार्क प्लग काढून त्यांचा रंग पाहावा. फिकट तपकिरी रंग चांगला. कोरडी काळी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. तेलकट काळा थर असेल तर इंजिनात तेल जळत आहे. हाताने ओढायचा चोक असल्यास तो पूर्ण आत जातो का, हेही पाहावे. पीयूसी तपासणीतील कार्बन मोनॉक्साइडचा आकडा दर वेळी वहीत लिहून ठेवावा. तो वाढत असेल तर पेट्रोल नीट जळत नाही, असा अर्थ होतो.

गाडी गरम होते म्हणून काही मेस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात. त्यामुळे इंजिन आवश्यक तापमानाला उशिरा पोहोचते व छोट्या फेऱ्यांत पेट्रोल जास्त जळते. गरम होण्याचे मूळ कारण, म्हणजे तुंबलेला रेडिएटर, बिघडलेला पंखा किंवा पाण्याची गळती, शोधून दूर करावे आणि थर्मोस्टॅट पुन्हा बसवावा.

इथेनॉलमिश्रित पेट्रोल

देशात २०२५ मध्ये पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. ऊस, मका व तांदळापासून तयार होणाऱ्या इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून जुन्या गाडीचे ॲव्हरेज सहा-सात टक्के घटले तर तो गाडीचाच दोष समजू नये. त्याहून जास्त घट झाली तर मात्र कारण शोधावे. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खराब करू शकते व हवेतील ओलावा शोषते. टाकीपासून इंजिनपर्यंतच्या नळ्या तपासाव्यात. तडा किंवा पेट्रोलचा वास आढळल्यास त्या ताबडतोब बदलाव्यात, अन्यथा आग लागण्याचा धोका असतो. तेच पेट्रोल संपूर्ण पावसाळाभर टाकीत ठेवू नये.

चालवण्याची पद्धत

पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना मोटारीसाठी ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग किफायतशीर मानते. आपल्या वळणांच्या रस्त्यांवर तो सुरक्षितही आहे. पुढचे वळण किंवा चढ पाहून आधीच ॲक्सिलरेटर सोडावा. क्लचवर पाय ठेवून गाडी चालवू नये. एका मिनिटाहून अधिक थांबायचे असेल तर इंजिन बंद करावे. गरज नसताना टपावरील कॅरिअर काढून ठेवावा, डिकीतील अनावश्यक सामान उतरवावे.

फोंडा, करूळ किंवा आंबोली घाट उतरताना मात्र इंजिन बंद करू नये, गाडी न्यूट्रलही करू नये. इंजिन बंद पडले की ब्रेकला मदत करणारी निर्वात शक्ती काही दाबांनंतर संपते आणि ब्रेक जड होतो. न्यूट्रलमध्ये सर्व भार ब्रेकवर येतो. ते तापून निकामी होऊ शकतात. इंजेक्शनच्या गाडीत गिअर ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर पेट्रोलचा पुरवठा बहुतांशी बंदच होतो. म्हणजे न्यूट्रल करण्यात बचतही नाही. चार पैशांसाठी घरच्या माणसांचा जीव धोक्यात घालू नये.

खर्च कोठे करू नये

पेट्रोल वाचवणारी चुंबके, गोळ्या व तत्सम वस्तूंच्या जाहिरातींना भुलू नये. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक साधने तपासली; बहुतेकांचा काही उपयोग आढळला नाही. निळा धूर येत असेल व इंजिनाची ओढ गेली असेल, तर इंजिनकामाचा अंदाज घेऊन तो वार्षिक बचतीशी ताडून पाहावा. गाडीचा तळ किंवा सांगाडा गंजून पोखरला असेल तर ॲव्हरेजचा विचार बाजूला ठेवून आधी सुरक्षितता तपासून घ्यावी. गंज लांबवण्यासाठी समुद्रकाठाहून आल्यावर गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवावा.

थोडक्यात, वही, टायर, ब्रेक, फिल्टर, प्लग या क्रमाने कामे हाती घ्यावीत. यातील पहिली दोन जवळजवळ फुकट होतात व पुढची थोड्या पैशांत. हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा व पावसाळा संपल्यावर एकदा ही तपासणी केल्यास जुनी गाडी बागायतदाराला पुढेही परवडेल.