उत्परिवर्तन : उत्क्रांतिवाद आणि पुंजयामिकी यांचे मीलनस्थान

उत्क्रांतिवाद सजीवांच्या कोट्यवधी वर्षांच्या इतिहासाचा विचार करतो, तर पुंजयामिकी अणूच्या अंतरंगातील व्यवहारांचा. या दोहोंचा संबंध काय, या प्रश्नाला अलीकडे नाना अद्भुत उत्तरे दिली जातात. आमच्या मते हा संबंध सर्वांत स्पष्ट दिसतो तो जनुकाच्या ठायी.

डार्विनचा ग्रंथ १८५९ साली प्रसिद्ध झाला. एकाच जातीच्या प्राण्यांत भेद असतात व उपकारक भेद पिढ्यानुपिढ्या पसरतात, हे त्याने दाखविले. पण ते भेद मुळात उत्पन्न कसे होतात, हे त्याला ठाऊक नव्हते. १९२७ साली हर्मन मुलर याने फळमाश्यांवर क्ष-किरण सोडून त्यांच्या संततीत उत्परिवर्तने कितीतरी पटींनी वाढतात हे सिद्ध केले. पुढे १९३५ साली तिमोफीव्ह-रेसोव्हस्की, झिमर आणि डेलब्र्यूक यांनी उत्परिवर्तन म्हणजे रेणूच्या एका स्थिर रचनेतून दुसऱ्या स्थिर रचनेत होणारे संक्रमण होय, असे प्रतिपादन केले.

येथे एक मोठे कोडे होते. पदार्थविज्ञानाचे नेहमीचे नियम असंख्य अणूंच्या सरासरीवर उभे असतात. मग तुलनेने थोड्याच अणूंचे जनुक, उष्णतेचे धक्के अखंड सोसूनही, शतकानुशतके जसेच्या तसे कसे टिकते? पुंजयामिकीच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या श्रोडिंगर यांनी १९४३ साली डब्लिन येथील व्याख्यानांत याचे विवरण केले. रेणूची ऊर्जा वाटेल ती असू शकत नाही. तिच्या पातळ्या ठरलेल्या असतात. एका स्थिर रचनेतून दुसरीत जाताना ऊर्जेचा मोठा उंबरठा ओलांडावा लागतो. म्हणून जनुक सहसा बदलत नाही, आणि बदलते तेव्हा उडी घेऊनच बदलते. स्थैर्य आणि परिवर्तन या दोन्ही गोष्टी एकाच नियमातून निघाव्यात, यातच या विवेचनाचे सौंदर्य आहे. (जनुक बहुधा प्रथिनाचा रेणू असावा, हा त्यांचा तर्क मात्र टिकला नाही.)

१९५३ साली डीएनएची रचना उलगडली. तिच्या दोन धाग्यांना जोडणारा प्रोटॉन ऊर्जेचा उंबरठा न ओलांडताही पलीकडे सरकू शकेल आणि त्यामुळे नक्कल चुकेल, अशी कल्पना ल्योव्दिन यांनी १९६३ साली मांडली. २०२२ साली सरे विद्यापीठातील संशोधकांच्या गणितांनी तिला बळ दिले. परंतु ती गणिते होत, प्रत्यक्ष सजीवातील निरीक्षण नव्हे.

पोथ्यांच्या अभ्यासकाला ही प्रक्रिया अपरिचित वाटू नये. सिंहली लिपीत च आणि व ही अक्षरे इतकी सारखी दिसतात, की लेखनिकाच्या हातून एकाच्या जागी दुसरे सहज पडते. चूक अकस्मात घडते. पण कोणता पाठ पुढे चालेल, हे अकस्मात ठरत नाही. उत्क्रांतीतही उत्परिवर्तन यदृच्छेने घडते आणि निवड परिस्थिती करते. म्हणून 'अणूंत अनिश्चितता आहे, अर्थात उत्क्रांती हा निव्वळ जुगार' हे म्हणणे चुकीचे आहे, आणि त्या अनिश्चिततेच्या आडून कोणी अदृश्य हेतू जनुकांना वळण देतो, हे म्हणणे तर निराधार आहे. १९४३ सालीच लुरिया आणि त्याच डेलब्र्यूक यांनी विषाणूला दाद न देणाऱ्या जीवाणूंचा हिशेब मांडला होता. ते उत्परिवर्तन विषाणूशी गाठ पडण्यापूर्वीच, गरजेची चाहूलही नसताना, घडून गेलेले होते.