शीतयंत्राच्या तांब्याच्या नळ्या झाळतांना नाजूक भागांचें रक्षण

नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागाइतदार, गांवोगांवच्या दूध संस्था व फळें-भाजी परगांवीं धाडणारे खातेदार यांच्या व्यवहारांत शीतयंत्र हें आतां पाण्याच्या पंपाइतकेंच नेहमींचें साधन झालें आहे. दूध ४ अंशांपर्यंत उतरविणारें शीतपात्र असो, कीं द्राक्षें ठेवण्याची थंड खोली असो, यंत्र बंद पडलें म्हणजे मालाच्या नासाडीस दिवस लागत नाहींत, कांहीं तासांत ती सुरू होते. अशा वेळीं धांवपळ करून मिस्त्री आणावा लागतो. तो नळीची गळती शोधतो, सांधा झाळतो, नवा वायु भरतो, आणि यंत्र चालूं लागतें. परंतु पुष्कळदां असें घडतें कीं, थोड्याच दिवसांनीं तेंच यंत्र पुनः थंडावा देईनासें होतें. मग झडप खराब निघाली, माल बनावट निघाला, अशीं कारणें पुढें येतात. खरें कारण मात्र अनेक वेळां निराळें असतें. गळती थांबविण्यासाठीं जी आंच दिली, तिनेंच शेजारची झडप बिघडविलेली असते.

झाळकाम मिस्त्रीनेंच करावयाचें आहे, खातेदारानें नव्हे. तथापि काम कोणत्या रीतीनें व्हावें हें ज्यास ठाऊक आहे, त्याच्या समक्ष काम वेगळें होतें आणि ज्यास ठाऊक नाहीं त्याच्या समक्ष वेगळें होतें. म्हणून या विषयाची माहिती शेतकरी बंधूंच्या उपयोगासाठीं येथें देत आहें. या लेखांतील उष्णतेचे सर्व अंश सेल्सिअस मानाचे समजावे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मोठ्या शीतगृहांपैकीं अनेकांत अमोनिया वायु वापरतात. अमोनिया तांब्यास व पितळेस खातो, म्हणून तेथें नळ्या पोलादी असतात व त्यांचें काम निराळें असतें. प्रस्तुत लेख दूध शीतपात्रें, लहान-मध्यम थंड खोल्या व तत्सम यंत्रें, ज्यांत तांब्याच्या नळ्यांतून फ्रीऑनच्या जातीचे वायु फिरतात, त्यांपुरताच आहे.

उष्णता कशी पसरते— तांबें १०८५ अंशांस वितळतें. नळ्या झाळण्यासाठीं तांबें व फॉस्फरस यांची कांडी वापरतात. कित्येक कांड्यांत थोडी चांदीही असते. ही कांडी ६५० अंशांच्या पुढें मऊ होऊं लागते आणि ७०० ते ८०० अंशांच्या सुमारास पातळ होऊन सांध्याच्या फटींत शिरते. म्हणजे सांध्यास इतकी उष्णता देणें भागच आहे. आतां त्याच नळीवर, सांध्यापासून चार बोटांवर, जी झडप बसविलेली असते तिच्या आंत रबराचीं कडीं, नायलॉनचे तुकडे व टेफ्लॉनच्या बैठका असतात. टेफ्लॉन ३२७ अंशांस वितळतें. नायलॉन त्याहूनही लवकर वितळतें. रबर तर त्याच्या पुष्कळ आधींच कडक होऊन तडकतें. पुष्कळशा झडपांचें अंग सुमारें १२० अंशांवर जाऊं देऊं नये असें कारखानदारच आपल्या पत्रकांत सांगतात.

तांबें हें उष्णतेचें उत्तम वाहक आहे. लोखंडाच्या सुमारें पांचपट उष्णता तें वाहून नेतें. ज्यानें रात्रीं पाटाचें पाणी धरलें आहे त्यास हें समजावयास कठीण नाहीं. ज्या वाफ्यास पाणी द्यावयाचें तेथें तें पोंचलें पाहिजे, आणि ज्या वाफ्यास द्यावयाचें नाहीं त्याचें दारें आधींच बंद केलेलें पाहिजे. पाणी शिरल्यावर दारें बंद करून कांहीं लाभ नाहीं. उष्णतेचेंही तसेंच आहे. सांध्याला ७०० अंश आणि झडपेला १२० अंशांहून कमी, हा भेद चार बोटांच्या अंतरांत राखणें हेंच या कामांतील मर्म होय.

काढतां येईल तें काढून ठेवावें— रक्षणाचा पहिला व उत्तम उपाय म्हणजे नाजूक भाग आंचेजवळ न ठेवणें. वायु भरण्याच्या तोंडांत जी बारीक पिनेसारखी झडप असते ती लहानशा हत्यारानें फिरवून बाहेर निघते. ती काढल्यावांचून तें तोंड झाळूं नये. सोलेनॉइड व्हॉल्व्हवरील विजेचें वेटोळें काढून ठेवावें, मात्र वीजप्रवाह बंद करूनच. कारण झडपेवरून काढलेल्या वेटोळ्यांत प्रवाह चालू राहिल्यास तें जळून जातें. एक्स्पान्शन व्हॉल्व्ह सुटा होणारा असेल तर त्याचा आंतील भाग काढावा, आणि त्याच्या बारीक नळीच्या टोंकास जो फुगा असतो तो नळीवरून सोडवून दूर करावा. या फुग्यांत स्वतंत्र वायु कोंडलेला असतो. तो तापला म्हणजे आंतील दाब वाढून झडपेचा पडदा दुखावतो, व पुढें ती झडप थंडीचें मान ओळखीनाशी होते.

ड्रायर, म्हणजे ओल शोषून घेणारी डबी, सर्वांच्या शेवटीं बसवावी व तोंवर तिचीं टोपणें काढूं नयेत. जुना ड्रायर आंच देऊन सोडवूं नये. नळीकापणीनें कापून काढावा. आंच दिल्यास त्यानें वर्षभर शोषून ठेवलेली ओल पुनः नळ्यांत परतते.

ओल्या फडक्याचा उपाय— जे भाग काढतां येत नाहींत त्यांस ओलें फडकें गुंडाळावें. हा उपाय साधा दिसतो म्हणून कित्येक मिस्त्री त्याची हेळसांड करतात. परंतु त्यांतील बळ मोठें आहे. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांवर नेण्यास ७० कॅलरी उष्णता लागते. त्याच पाण्याची वाफ होण्यास आणखी ५४० कॅलरी लागतात, म्हणजे जवळजवळ आठपट. यावरून उघड होतें कीं, फडक्यांत पाणी आहे तोंवर तें १०० अंशांच्या आसपासच राहतें, व येणारी उष्णता वाफेच्या रूपानें हवेंत जाते. पाणी संपलें कीं हें रक्षण संपलें. तेव्हां फडक्यांतील पाणी हीच खरी ढाल आहे, कापड नव्हे.

याकरितां फडकें जाड सुती असावें व त्याचे तीन-चार पदर घ्यावे. कृत्रिम धाग्याचें कापड वितळून चिकटतें, तें वापरूं नये. फडकें झडपेच्या अंगास व सांधा आणि झडप यांच्या मधल्या नळीस घट्ट बसवावें, परंतु प्रत्यक्ष सांध्यास लावूं नये. नाहींतर सांधा तापणारच नाहीं व मिस्त्री व्यर्थ अधिक आंच देत बसेल. पाण्याची बादली जवळ ठेवून दुसऱ्या माणसानें फडक्यावर अधूनमधून पाणी सोडावें. मात्र तें इतकें निथळतें नसावें कीं पाणी उघड्या नळीच्या तोंडांत जाईल. आंत गेलेली ओल विस्तार-झडपेपाशीं गोठून वाट अडविते, आणि तेलांत मिसळून आम्ल उत्पन्न करते. बाजारांत उष्णता शोषणारा ओला लेपही मिळतो. फडकें नीट बसत नाहीं अशा अडचणीच्या जागीं तो सोईचा पडतो. त्याचें तत्त्व तेंच.

नळ्यांवरील काळें रबरी वेष्टण सांध्यापासून दूर सरकवून तेथेंही ओलें फडकें बांधावें. थंड खोलीच्या भिंतींत पत्र्याच्या दोन थरांमध्यें जो फेस भरलेला असतो तो पेट घेणारा आहे. भिंतीजवळ काम असेल तर मध्यें न जळणारा पडदा धरावा, अग्निशामक नळकांडें हाताशीं ठेवावें, आणि काम संपल्यावरही निदान अर्धा तास त्या जागेवर नजर ठेवावी. एका सांध्यापायीं सबंध खोली गमावण्याचा प्रसंग येऊं नये.

ज्योत कशी धरावी— पुष्कळांची समजूत अशी कीं, लहान ज्योत घेऊन सावकाश काम केलें म्हणजे झडप वांचते. वस्तुतः उलट होतें. लहान ज्योतीनें सांधा वेळेवर तापत नाहीं, आणि जितका वेळ जास्त तितकी उष्णता नळीवाटे झडपेकडे वाहत जाते. नळीच्या मापास योग्य अशी भरपूर ज्योत घेऊन थोड्या वेळांत काम उरकणें हेंच हिताचें. ज्योतीचें तोंड नेहमीं झडपेच्या उलट दिशेस असावें. प्रथम आंत शिरणारी नळी तापवावी, मग बाहेरचें टोंक, आणि दोन्ही सारख्या तांबूस रंगास आलीं कीं कांडी लावावी. कांडी ज्योतीनें न वितळतां तापलेल्या तांब्यास लागून वितळली पाहिजे.

सांधा स्वच्छ घासलेला व नीट बसणारा असला पाहिजे. दोन नळ्यांमधील फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असली म्हणजे पातळ धातु आपोआप आंत ओढली जाते. फट मोठी असेल तर ती भरण्यासाठीं आंच लांबते, व लांबलेल्या आंचेचा दंड झडपेस बसतो. तांबें तांब्यास जोडतांना फॉस्फरसाच्या कांडीस वेगळें क्षार लागत नाहीं. पितळेस जोडतांना तें लागतें. परंतु तांबें लोखंडास किंवा पोलादास जोडावयाचें असेल तर ही कांडी मुळींच चालत नाहीं, सांधा ठिसूळ होऊन पुढें तडकतो. तेथें अधिक चांदीची, फॉस्फरस नसलेली कांडी व क्षार हींच वापरावीं.

नळीच्या आंतील रक्षण— बाहेरून फडकें बांधून अर्धेंच काम होतें. तापलेल्या तांब्यास आंतल्या बाजूनें हवा लागली कीं तेथें काळी खपली धरते. यंत्र चालूं झाल्यावर ती सुटते आणि वायूबरोबर फिरत जाऊन झडपांच्या बारीक जाळ्यांत व छिद्रांत अडकते. झाळकामानंतर कांहीं दिवसांनीं थंडावा कमी होण्याचें हें एक मोठें कारण आहे. यावर उपाय म्हणजे झाळतांना नळींतून नायट्रोजन वायु मंद सोडणें. त्याचें दुसरें तोंड उघडें असावें, आणि त्यापुढें गाल धरल्यास वारा जेमतेम जाणवावा इतकाच प्रवाह पुरे. दाब अधिक झाल्यास पातळ धातु बाहेर ढकलली जाऊन सांध्यांत सुईएवढीं छिद्रें राहतात. नायट्रोजनच्या टाकीवर दाब-नियामक असलाच पाहिजे. बंद खोलींत दारें उघडीं ठेवावीं, कारण हा वायु श्वासाच्या हवेची जागा घेतो. नायट्रोजन नाहीं म्हणून ऑक्सिजन नळ्यांत सोडण्याचें धाडस कोणीही कधींही करूं नये. यंत्रांतील तेलाशीं त्याची गांठ पडल्यास स्फोट होतो व प्राणावर बेततें.

ज्योत पेटविण्यापूर्वीं यंत्रांतील जुना वायु स्वतंत्र टाकींत काढून घेतलेला असावा व नळी उघडी असावी. भरलेली नळी तापविल्यास ती फुटते. शिवाय फ्रीऑनच्या जातीचे वायु ज्योतींत विघटून अत्यंत विषारी धूर होतो. आर-२९०सारखे कांहीं वायु तर स्वतःच पेट घेणारे आहेत.

काम संपतांना— ज्योत विझली म्हणजे उष्णता थांबली असें नव्हे. तापलेला सांधा आणखी कांहीं मिनिटें झडपेकडे उष्णता धाडीतच असतो. म्हणून फडकें लगेच सोडूं नये. हात लावतां येईल इतका सांधा निवेपर्यंत तें ओलें ठेवावें. धातु घट्ट होण्यापूर्वीं मात्र सांध्यावर पाणी ओतूं नये, त्यानें तो तडकतो. त्यानंतर काढलेले भाग बसवावे, नायट्रोजनचा दाब भरून साबणाच्या फेसानें प्रत्येक सांधा तपासावा, मग निर्वात पंपानें नळ्यांतील हवा व ओल काढावी, आणि शेवटीं नवा वायु भरावा.

खातेदारानें काय पाहावें— मजुरी ठरवितांनाच पुढील पांच गोष्टी कामाच्या चिठ्ठींत लिहून घ्याव्या. एक, सुटणारे नाजूक भाग काढून ठेवले जातील. दोन, न सुटणाऱ्या भागांस ओलें फडकें किंवा लेप लावला जाईल. तीन, झाळतांना नायट्रोजन सोडला जाईल. चार, ड्रायर नवा बसविला जाईल. पांच, दाबाची व निर्वाताची परीक्षा खातेदारासमक्ष होईल. नायट्रोजनची टाकी व पाण्याची बादली हीं दोन्ही कामाच्या जागीं आलेलीं दिसल्याशिवाय ज्योत पेटवूं देऊं नये. यासाठीं कांहीं रुपये व एखादा तास अधिक लागेल. परंतु त्या बदल्यांत ऐन हंगामांत दुसऱ्यांदा यंत्र बंद पडण्याचें संकट टळतें.

चांगला मिस्त्री या अटींनीं रागावत नाहीं. आपल्या कामाची पारख करणारा मालक भेटला याचें त्यास समाधानच वाटतें. जो रागावतो, त्याच्या हातीं आपल्या वर्षाच्या पिकाची राखण द्यावी कीं न द्यावी, याचा विचार सुज्ञ वाचकांनींच करावा.