फोन आपला, किल्ली कंपनीची

नवा अँड्रॉइड फोन सुरू केला की त्यात आपण न मागितलेली अ‍ॅप्स आधीच ठाण मांडून बसलेली दिसतात. काही सहज निघतात, काहींच्या पानावर 'अनइन्स्टॉल' हे बटणच नसतं. पुढे काही वर्षांनी कंपनी अपडेट देणं थांबवते. बॅटरी बरी असते, स्क्रीन शाबूत असतो, तरी फोन जुना ठरतो. कोणी खटपट करून त्यात दुसरी प्रणाली घातली, तर बँकेचं अ‍ॅप उघडायला नकार देतं. पैसे मी मोजले, मग यात काय चालवायचं ते मी का ठरवायचं नाही, हा त्रागा मला अगदी रास्त वाटतो. पण वाट शोधायची तर कुलूप कुठे आहे ते आधी कळायला हवं. कुलपं दोन आहेत. एक फोनच्या आत असतं आणि दुसरं फोनच्या बाहेर, बँकेच्या सर्व्हरवर.

आतल्यापासून सुरुवात करू. पॉवरचं बटण दाबल्यावर अँड्रॉइड लगेच सुरू होत नाही. सगळ्यात आधी जागा होतो तो प्रोसेसरच्या आत कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम. तो कंपनीलाही नंतर बदलता येत नाही. त्याचं काम एकच: पुढच्या प्रोग्रॅमवर, म्हणजे बूटलोडरवर, कंपनीची सही आहे का ते तपासणं. सही पटली तर बूटलोडर चालू होतो आणि तो अँड्रॉइडच्या गाभ्याची, म्हणजे कर्नेलची, सही तपासतो. मग कर्नेल बाकीच्या प्रणालीचा एकेक तुकडा वाचताना तो मूळचाच आहे ना, हे पाहत राहतो. प्रत्येक टप्पा पुढच्याची खात्री करतो, म्हणून मधली एकही कडी बदलता येत नाही.

ही सही म्हणजे काय? काही जीबी आकाराच्या प्रणालीवर ठरावीक गणित करून तिचा एक छोटा ठसा काढतात. मूळ मजकुरातला एक बिट जरी बदलला तरी ठसा पार वेगळा येतो. कंपनी आपल्या गुप्त किल्लीने या ठशावर सही करते. त्या किल्लीची जोडीदार, उघड किल्ली, फोनमध्ये असते. तिच्याने सही तपासता येते, नवी करता मात्र येत नाही. त्यामुळे फोन तुमच्या हातात असला तरी त्यात चालेल अशी प्रणाली सही करून देणं फक्त कंपनीला जमतं.

ही तपासणी वाईट नाही, हे मी ठामपणे म्हणेन. अँड्रॉइड ७ पासून, म्हणजे २०१६ पासून, ती सक्तीची झाली आणि त्याने मोठं काम केलं. एखादा विषाणू प्रणालीच्या फाइलींत शिरून ठाण मांडू पाहील, तर पुढच्या वेळी फोन सुरू होतानाच तो पकडला जातो. चोराला फोनमध्ये स्वतःची प्रणाली घालून तुमचे फोटो आणि संदेश उकरता येत नाहीत. माझी तक्रार कुलपाबद्दल नाही. कुलपाची किल्ली मालकाला न देण्याबद्दल आहे. गुगलच्या पिक्सेल फोनमध्ये मालकाला स्वतःची उघड किल्ली भरून बूटलोडर पुन्हा बंद करता येतो. तेव्हा फोन सुरू होताना वेगळी प्रणाली असल्याची सूचना दाखवतो आणि तपासणी पूर्वीइतकीच कडक चालते. म्हणजे सुरक्षितता आणि मालकी एकत्र नांदू शकतात, हे बाजारात विकल्या जाणाऱ्या फोनने दाखवून दिलं आहे. बाकीच्या बहुतेक कंपन्या ते करत नाहीत, हा त्यांचा निर्णय आहे. तंत्राची अडचण नाही.

हे कुलूप उघडण्याची रीत ज्या फोनमध्ये आहे तिथे ती साधारण अशी असते. सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात वेळा टिचकी मारली की 'डेव्हलपर ऑप्शन्स' दिसू लागतात. तिथे 'ओईएम अनलॉकिंग' चालू करायचं, केबलने फोन कॉम्प्युटरला जोडायचा आणि 'फास्टबूट' या साधनातून आज्ञा द्यायची. फोन विचारतो, तुम्ही होकार देता, आणि त्याच क्षणी फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. पुष्कळांना ही शिक्षा वाटते, पण ते संरक्षण आहे. डेटा न पुसता कुलूप उघडत असतं, तर फोन हाती लागलेल्या कोणालाही ते उघडून आतलं वाचता आलं असतं. म्हणून बॅकअप आधी घ्यायचा, आणि तो खरोखर उघडतो का तेही आधीच पाहायचं.

कंपन्या इथे फार वेगवेगळ्या वागतात. कंपनीकडून घेतलेला पिक्सेल बिनतक्रार उघडतो. शाओमी आपल्या खात्यातून परवानगी मागायला लावते, थांबायला लावते, आणि तिचे नियम वर्षागणिक कडक होत गेले आहेत. हुआवेने २०१८ मध्ये अनलॉक कोड देणंच बंद केलं. सॅमसंगच्या फोनमध्ये कुलूप उघडून दुसरी प्रणाली घातली की आतला एक सूक्ष्म फ्यूज कायमचा जळतो. नंतर मूळ प्रणाली परत घातली तरी काही सुरक्षित सेवा त्या फोनवर पुन्हा चालत नाहीत. २०२५ च्या वन यूआय ८ पासून तर सॅमसंगने अनलॉकचा पर्यायच काढून घेतला. आयफोनमध्ये अशी सोय कधीच नव्हती. मार्च २०२४ पासून युरोपीय संघात कायद्याच्या रेट्यामुळे अ‍ॅपलला इतर अ‍ॅप स्टोअर येऊ द्यावे लागले, पण ती सवलत सुरुवातीला तिथल्या ग्राहकांपुरतीच होती.

कुलूप उघडल्यावर सर्वांत रुळलेली वाट म्हणजे लिनिएजओएस. २००९ मध्ये सुरू झालेला सायनोजेनमॉड हा प्रकल्प २०१६ च्या अखेरीस बंद पडला, तेव्हा त्यातल्या कार्यकर्त्यांनी हा वारसा पुढे चालवला. अँड्रॉइडचा मूळ कोड खुला असल्याने हे शक्य होतं. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनवरही त्यामुळे नवं अँड्रॉइड चालतं, नको ती अ‍ॅप्स नसतात आणि गुगलच्या सेवा घ्यायच्या की नाही ते आपण ठरवतो. मर्यादा मात्र खऱ्या आहेत. कॅमेरा, मोडेम आणि ग्राफिक्स चालवणारे प्रोग्रॅम चिप बनवणाऱ्या कंपनीचे असतात आणि बंदिस्त असतात. त्या कंपनीने त्यांतल्या चुका दुरुस्त करणं थांबवलं की स्वयंसेवकांनाही त्या दुरुस्त करता येत नाहीत. कॅमेऱ्याची प्रत अनेकदा थोडी घसरते. सिनेमे दाखवणाऱ्या सेवांनाही उघडलेलं कुलूप कळतं, आणि पुष्कळ फोनवर चित्र एचडीऐवजी साध्या प्रतीचं दिसू लागतं.

पण भारतात खरी अडचण येते ती दुसऱ्या कुलपाशी. बँकेचं किंवा यूपीआयचं अ‍ॅप उघडताना ते गुगलच्या सेवांना विचारतं: हा फोन विश्वासाचा आहे का? या व्यवस्थेचं नाव प्ले इंटेग्रिटी. फोनच्या आत एक सुरक्षित कप्पा असतो आणि त्यात कारखान्यात भरलेली एक गुप्त किल्ली असते. बूटलोडर बंद आहे की उघडा, कोणाच्या सहीची प्रणाली चालू आहे, अशा गोष्टींचा दाखला तो कप्पा सही करून देतो. गुगल त्यावरून निकाल ठरवतं आणि तो बँकेच्या सर्व्हरपर्यंत पोचतो. निकालाच्या तीन पातळ्या आहेत: प्राथमिक, मधली आणि कडक. कुठली पातळी हवी, ते अ‍ॅप बनवणारा ठरवतो. दाखला सुरक्षित कप्प्यातून येतो, त्यामुळे वरच्या प्रणालीत काहीही बदललं तरी सही खोटी करता येत नाही.

याला चकवायचे उपाय सापडतात. मॅजिस्क नावाच्या साधनाने रूट, म्हणजे प्रणालीवर मिळवलेला पूर्ण ताबा, लपवतात, कुठून तरी फुटलेल्या किल्ल्या वापरून खोटा दाखला तयार करतात. गुगल त्या किल्ल्या रद्द करतं, मग नव्या शोधाव्या लागतात. ज्या फोनवर पगाराचं खातं आहे, तो अशा आधारावर चालवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानात पैसे देताना अ‍ॅप बंद पडणं परवडत नाही, आणि कोणी फोडलेली किल्ली आपल्या फोनमध्ये भरणं ही सुरक्षितताही नव्हे.

या व्यवस्थेतला अन्यायही बघण्यासारखा आहे. मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि पुढच्या फोनना कडक पातळीसाठी गेल्या वर्षभरातलं सुरक्षा अपडेट लागतं. मधल्या पातळीला ही अट नाही. म्हणून दोन वर्षं अपडेट न मिळालेला, पण कंपनीच्या कुलपातला फोन मधल्या पातळीला पास होतो. उलट ग्राफीनओएस ही प्रणाली घ्या. ती पिक्सेलवर बसते, बूटलोडर स्वतःच्या किल्लीने पुन्हा बंद करते, सुरक्षेची अपडेट झटपट देते, आणि तरीही प्राथमिक पातळीच्या वर जात नाही, कारण तिला गुगलचं प्रमाणपत्र नाही. अँड्रॉइडमध्येच यावर उतारा आहे. त्या सुरक्षित कप्प्याचा दाखला बँकेला गुगलला मध्ये न घेता थेट तपासता येतो, आणि त्यात ग्राफीनओएसची किल्ली ओळखून तिला मान्यता देता येते. बँकांनी मनावर घ्यायचा अवकाश आहे.

अँड्रॉइड पूर्ण सोडून लिनक्सवर चालणारे फोनही आहेत. पाइनफोन, लिब्रेम ५, आणि जुन्या फोनवर घालता येणाऱ्या पोस्टमार्केटओएस व उबुंटू टच या प्रणाली. उबुंटू टच कॅनोनिकलने २०१७ मध्ये सोडून दिली, तेव्हापासून यूबीपोर्ट्स हा समूह ती चालवतो. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण भारतात एक साधी गोष्ट आडवी येते: जिओचं जाळं २०१६ मध्ये सुरू झालं तेच ४जीवर, त्याला २जी किंवा ३जी नाहीच. व्होल्टी, म्हणजे ४जीवरून बोलण्याची सोय, चालत नसेल तर त्यावर साधा फोनही लागत नाही, आणि या प्रणालींत व्होल्टी अनेक फोनवर अजून धड चालत नाही. शिकायला, प्रयोगाला घ्या. घरातला एकमेव फोन म्हणून नको.

मग कुलूप न उघडता काय करता येतं? वाटतं त्यापेक्षा बरंच. डेव्हलपर ऑप्शन्समध्ये 'यूएसबी डीबगिंग' चालू करून कॉम्प्युटरवरच्या एडीबी या साधनातून, बटण नसलेली अ‍ॅप्सही काढता येतात. इथे पहिल्या कुलपाचं ज्ञान कामी येतं. सही केलेली प्रणाली बदलता येत नाही, म्हणून अ‍ॅपची मूळ फाइल तिथेच राहते. ते फक्त तुमच्या खात्यापुरतं काढलं जातं. म्हणूनच जागा फारशी मोकळी होत नाही, फोन रिसेट केला की अ‍ॅप परत येतं, आणि म्हणूनच बँकेच्या अ‍ॅपला यात काही वावगं दिसत नाही. ज्याचं नाव ओळखीचं नाही त्याला आधी हात लावू नये. फोन, संदेश, कीबोर्ड आणि होम स्क्रीन सांभाळणारी अ‍ॅप्स काढली तर फोन वापरणंच अवघड होऊन बसतं. काम झालं की डीबगिंग बंद करायचं, कारण काही बँकांची अ‍ॅप्स ते चालू दिसलं तरी अडून बसतात. जोडीला अँड्रॉइड ९ पासून असलेल्या 'प्रायव्हेट डीएनएस'मध्ये जाहिराती गाळणारी सेवा भरता येते, आणि एफ-ड्रॉइड या प्ले स्टोअरबाहेरच्या भांडारातून खुल्या कोडची अ‍ॅप्स घेता येतात.

ही शेवटची वाट अरुंद होते आहे. गुगलने ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की प्रमाणित अँड्रॉइड फोनवर, प्ले स्टोअरबाहेरून घेतलेल्या अ‍ॅपच्या कर्त्यालाही गुगलकडे ओळख नोंदवावी लागेल. सुरुवात सप्टेंबर २०२६ मध्ये ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, मग २०२७ पासून जगभर. विरोध झाल्यावर जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू असं गुगलने सांगितलं आहे. ग्राहकाच्या बाजूने दट्ट्या बसला की कंपन्या हलतात, हे आपल्याकडेही दिसलं आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये फोन कंपन्यांना गुगलची सगळी अ‍ॅप्स एकगठ्ठा घेण्याऐवजी सुटी घेण्याची मुभा देणं गुगलने मान्य केलं.

आज कोणी मला विचारलं तर माझा सल्ला असा: रोजचा, पैशांचा फोन कुलपातच ठेवा आणि एडीबीने स्वच्छ करा. कपाटातला जुना फोन लिनिएजओएस घालून वाचन, संगीत, नकाशे यांना वापरा. ज्यांना मुख्य फोनही मोकळा हवा आहे, त्यांनी नेट बँकिंग ब्राउझरमधून करावं. छोट्या रकमांसाठी साध्या फोनवरही चालणाऱ्या दोन सोयी आहेत: *९९# (एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत) आणि यूपीआय १२३पे (१०,००० रुपयांपर्यंत). पुढचा फोन घ्यायच्या आधी त्याचं मॉडेल लिनिएजओएसच्या यादीत आहे का, ते बघा. नावातला एखादा 'प्रो' किंवा '५जी' वेगळा असला तर फोनही वेगळा असतो, म्हणून अक्षर न् अक्षर जुळवा. आणि बँकेचं अ‍ॅप तुमच्या फोनवर अडलं, तर बँकेला लेखी तक्रार करा, फोनचं मॉडेल आणि प्रणालीचं नाव घालून. अशा ग्राहकांची नोंद बँकेकडे झाली नाही, तर सुरक्षित कप्प्याचा दाखला थेट तपासायचं कारणच तिला राहणार नाही.