हिरव्याचा पांढरा चिखल

पाचूचा चुरा पांढरा असतो, असं खनिजांच्या एका पुस्तकात वाचलं होतं. लिहिणाऱ्याला त्यात काही विशेष वाटलेलं नव्हतं. कठीणपणा, घनता अशा रकान्यांच्या शेजारी चुऱ्याचा रंग, पांढरा. माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. जयपूरला दुसऱ्याच कामासाठी जायचं होतं. आमेर राहिला तरी चालेल, पण पाचू घासताना बघायचाच, असं ठरवून टाकलं.

जौहरी बाजारात दिसतो तो तयार माल. घासणारे हात तिथून पूर्वेला, रामगंजच्या गल्ल्यांमध्ये. जिना इतका अरुंद की वरून कुणी येत असेल तर खालच्याने थांबायचं. वर एक खोली, खिडकीखाली ओळीने मांडलेल्या साणी, प्रत्येकीवर थेंब थेंब पाणी. पूर्वी धनुकलीसारख्या कमानीने साण फिरवत, आता मोटर आहे. ज्यांच्याकडे मला पाठवलं होतं त्यांना सगळे नुसतं ‘उस्ताद’ म्हणत. साठीच्या आसपासचे. उजव्या अंगठ्याचं नख झिजून अर्धं झालेलं.

त्यांनी पुडी उघडली. आत करड्या मातकट खड्यांमध्ये एक हिरवट खडा. उस्तादांनी तो उचलला आणि सरळ जिभेला लावला. मग खिडकीकडे धरला. क्षणभर आतलं सगळं दिसलं: एक लांब भेग, दोन काळे ठिपके, आणि खोलवर खरा हिरवा. थुंकी वाळली आणि खडा पुन्हा आंधळा झाला.

“कितना निकलेगा?” मी विचारलं.

“पाँच का एक,” ते म्हणाले.

पाच कॅरट म्हणजे बरोबर एक ग्रॅम. त्यातून एक कॅरट अंगठीपर्यंत पोहोचणार, बाकीचे चार पाण्याबरोबर वाहून जाणार. खड्याचे तुकडे पाडणं, ढोबळ आकार देणं, लाखेने काडीवर चिकटवणं, पैलू पाडणं, झिलई, हे टप्पे कुणीही सांगेल. मला त्या चार कॅरटांत रस होता. साण फिरू लागली तशी काठावर राड साठत गेली, मळकट पांढरी. मी बोटावर घेऊन वाळू दिली. हिरवेपणाचा मागमूस नाही.

खडीसाखर कुटली की पिठी पांढरी होते, तसंच हे. पाचू म्हणजे मुळात बेरिल नावाचं रंगहीन खनिज. त्यात ॲल्युमिनियमच्या काही जागांवर क्रोमियम जाऊन बसतं, बहुधा शेकड्याला एकाहूनही कमी. (काही पाचूंत व्हॅनेडियमही असतं.) हे क्रोमियम पांढऱ्या उजेडातला जांभळा आणि तांबडा-पिवळा भाग खाऊन टाकतं, हिरवा सोडून देतं. पण एवढ्याशा क्रोमियमला पोटभर खायला उजेडाने खड्यातून बराच प्रवास करायला हवा. खड्यात तो काही मिलिमीटर चालतो. चुऱ्याच्या कणात शिरतो न शिरतो तोच दुसऱ्या बाजूने बाहेर, मग पुढच्या कणावर आपटतो आणि माघारी फिरतो. खाल्लं काहीच जात नाही. सगळे रंग जसेच्या तसे परत येतात, म्हणून पांढरं दिसतं.

हे एकदा कळलं की उस्तादांच्या प्रत्येक हालचालीचा अर्थ लागू लागतो. फिका खडा ते जाड ठेवतात, पोट खोल ठेवतात, म्हणजे उजेडाला चालायला लांबची वाट मिळते. फार गडद खडा असेल तर चपटा करतात. घासण्याआधी खडा बोटांत फिरवत राहतात, कारण पाचू एका दिशेने पाहिला तर पिवळसर हिरवा आणि दुसऱ्या दिशेने निळसर हिरवा दिसतो. वरचा सपाट पैलू कुठे येणार हे ठरलं की निम्मा रंग ठरला. हे सगळं ते ट्यूबलाइट बंद करून करतात. बाजारातले व्यापारी पाचूच्या रंगाला ‘कुदरत की देन’ म्हणतात. मला तिथे बसल्यावर ते अर्धंच खरं वाटलं.

सवाई जयसिंगांनी 1727 मध्ये हे शहर वसवलं आणि जवाहिऱ्यांना आश्रय दिला. आज जगातल्या पाचूंपैकी फार मोठ्या भागाला पैलू इथेच पडतात. कच्चा माल झांबियातून, ब्राझीलमधून, कोलंबियातून येतो. आपल्याकडे बुधासाठी म्हणून करंगळीत घातलेला पाचूही बहुधा रामगंजसारख्याच एखाद्या गल्लीतून गेलेला असतो.

आता जिभेबद्दल. दुसऱ्या खड्यालाही त्यांनी जीभ लावली, तिसऱ्यालाही. ओबडधोबड पृष्ठभागावर उजेड विखुरतो, ओलाव्याने तो गुळगुळीत झाल्यासारखा वागतो आणि वाट मोकळी होते. हीच युक्ती बाजार मोठ्या प्रमाणावर वापरतो. पाचूत भेगा जवळजवळ असतातच, भेगेत हवा असते आणि हवेच्या सीमेवर उजेड परत फिरतो, म्हणून भेग पांढरी दिसते. पाचूचा अपवर्तनांक साधारण 1.58, हवेचा 1, सिडारच्या लाकडाच्या तेलाचा 1.5 च्या आसपास. भेगेत तेल गेलं की उजेडाला सीमा जवळपास जाणवतच नाही, भेग दिसेनाशी होते. शेजारच्या खोलीत हे काम चाललं होतं. देवदारी फळकुटासारखा तो गोडसर उग्र वास नंतर दिवसभर माझ्या शर्टाला येत होता.

बिनरंगी तेलाला बाजाराची मान्यता आहे. प्रयोगशाळेच्या दाखल्यावर ते किती आहे याची नोंद होते. पण जोबन नावाचं हिरवं तेलही आहे, आणि त्याला लबाडीच म्हणावं लागेल. ते भेग झाकतं आणि वर खोटा रंगही चढवतं. उष्णतेने, वर्षानुवर्षांच्या वापराने तेल निघून गेलं की भेगा पुन्हा पांढऱ्या. उस्तादांना विचारलं तर त्यांनी साणेवरून मान वर केली नाही. “तेल का काम हमारा नहीं,” एवढंच म्हणाले. पाचातले चार घालवून जो एक कॅरट त्यांनी वाचवला त्याची मजुरी त्यांना मिळते. तेलाने वाढलेली किंमत त्यांच्या जिन्यापर्यंत येत नाही.

चहा आला तेव्हा मी क्रोमियमची गोष्ट सांगितली. व्होक्लँ या फ्रेंच रसायनज्ञाने 1797 मध्ये हा धातू सायबेरियातल्या लाल खनिजातून शोधला आणि लगेच पाचूतही ओळखला. माणकाचा लालही त्याचाच. दोन्हीकडे क्रोमियमभोवती सहा ऑक्सिजन असतात, पण माणकात त्यांची पकड घट्ट, पाचूत सैल. पकड बदलली की खाल्ला जाणारा रंग बदलतो. उस्ताद ऐकत होते, पटल्यासारखे दिसले नाहीत. माणिक आणि पन्ना एकच कसे, माणकाला साण वेगळी लागते, वेळ वेगळा लागतो. मी म्हटलं, दोन्हींच्या मधली पकड असलेलाही खडा असतो, अलेक्झांड्राइट, दिवसा हिरवा आणि दिव्याखाली लाल.

“वो किया है मैंने!” त्यांनी चहा खाली ठेवला.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक नवखं गिऱ्हाईक रात्री जुन्या पिवळ्या बल्बखाली खडा देऊन गेलं. लाल. झिलई पुरी झाली, माणूस भर दुपारी न्यायला आला. खडा हिरवा. बदलला म्हणून त्याने आरडाओरडा केला, गल्ली गोळा झाली. उस्तादांनी खिडक्या लावल्या, ट्यूब लावली. तिच्या पांढऱ्या उजेडात खडा काही लाल होईना. बल्ब तोवर खोलीतून गेलेले. शेवटी खालच्या दुकानातून मेणबत्ती आणली, तेव्हा कुठे तो लाल झाला.

“फिर माना?” मी विचारलं.

“माना. पर मजदूरी में से मोमबत्ती के पैसे काट लिए.”